पुतळ्यापाशी डबी, डबीत माझा नंबर

शाळेच्या स्टाफरूममध्ये एक किस्सा सांगून होतो ना होतो, तोवर दुसरा दारात चपला काढत असतो. आमच्या सावेडीतल्या शाळेचे निम्मे किस्से माझ्या मोबाईलवर आलेत, तेही अनोळखी नंबरवरून. माझं बीपी कशाने वाढलं, असं डॉक्टर विचारतात. काय सांगू त्यांना, कपाळ!

खूळ आणलं भूगोलाच्या भालेराव सरांनी. पुतळ्याजवळ एक छोटी डबी लपवायची, जागेचा क्लू मोबाईलवर टाकायचा आणि दुसऱ्या शाळेच्या मास्तरांनी ती शोधायची. मग त्यांनी लपवायची, आपण शोधायची. डबीतली एखादी वस्तू घ्यायची, बदल्यात आपली ठेवायची. पुतळ्याला मात्र हात लावायचा नाही!

"अहो सर, बेवारस डबी बघून लोक बॉम्ब समजतील. आपली वरात निघेल पोलीस ठाण्यात!" मी म्हटलं.

"म्हणून तर झाकणावर 'हा खेळ आहे, घाबरू नका' असं लिहून खाली तुमचा नंबर टाकलाय."

"माझाच का?"

"तुम्ही पहिल्या रिंगला उचलता ना!"

उचलते, कारण घरी आप्पा आहेत. माझे सासरे. हल्ली त्यांना काही आठवत नाही, दार उघडं दिसलं की चालू लागतात. फोन वाजला की हातातलं टाकून धावते.

*

पहिला फोन आला बागेच्या वॉचमनचा. बागेत पुस्तक वाचणाऱ्या मुलीचा पुतळा आहे.

"मॅडम, एक बाई पुतळ्यामागं माती उकरतीय. डबीवर नंबर तुमचाय. तुम्ही येताय का पोलीस बोलवू?"

धावतपळत गेले, तर आमच्या विज्ञानाच्या नसीम मॅडम! वॉचमनने हटकल्यावर घाबरून म्हणाल्या होत्या, "मी झाडाला खत घालतेय."

"झाड कुठंय?"

"उद्या आणते!"

दुसऱ्या दिवशी खरंच जास्वंद आणून लावावी लागली. आता रोज शाळेआधी तिला पाणी घालायला जातात. वॉचमन सोडतच नाही!

*

पारनेरचा क्लू होता, 'सैनिकाचं बोट दाखवेल तिकडे सरळ भिंतीपर्यंत जा'. क्लू लिहिला तेव्हा बोट पडक्या भिंतीकडे होतं. मधल्या काळात रस्ता रुंद झाला, पुतळा चौथऱ्यासकट फिरवून बसवला, हे आम्हाला काय ठाऊक! भालेराव सर, इस्त्रीचा शर्ट घालून, बोटाच्या दिशेने सरळ एका घराच्या पडवीत शिरले आणि भिंती निरखू लागले.

"कोण पायजे?" आतून विचारलं.

सरांची बोबडी वळली. "मॅडमना विचारा," म्हणाले आणि माझा नंबर देऊन मोकळे.

नसीम मॅडम आणि मी रिक्षातून उतरतोय तोवर सरांपुढे पोहे आले होते. त्या दिवशी त्या घरी मुलगी बघायला पाहुणे यायचे होते! माझा फोन वाजला. पडवीतूनच एक बाई दबक्या आवाजात बोलत होती.

"अहो, नवरामुलगा पन्नाशीचा हाय, हे आधी का न्हाई सांगितलं?"

*

एरवी शेजारीण लक्ष ठेवते, पण रविवारी आप्पांना घरी एकटं ठेवता येत नाही, म्हणून मी बरोबर नेऊ लागले. रिक्षात बसले की पहिला प्रश्न, "आजचा क्लू अवघड हाय का?"

देवळाली प्रवऱ्याला ऊस तोडणाऱ्या जोडप्याचा पुतळा आहे. आप्पांचं गाव तिथून जवळच. डबीत एक निळी गोटी होती. ती त्यांनी घेतली आणि खिशातलं काहीतरी आत टाकलं. मी बघितलंच नाही.

संध्याकाळी आम्ही सगळे आमच्या घराच्या कुलूपबंद दारापुढे उभे! तेवढ्यात फोन. "मॅडम, डबीत किल्ली सापडलीय. ती आता माझी का?"

किल्ली आणायला परत देवळालीला गेलो. आप्पांना गोटी परत ठेवायला लावली. एवढंसं तोंड करून ठेवली. मग त्यांच्या गळ्यात नाव आणि माझा नंबर लिहिलेलं कार्ड अडकवलं.

"मी काय बाजारची शेळी हाय, गळ्यात बांधायला?" रागावले खूप. पण घातलं.

*

आणि मग एका मंगळवारी आप्पा घरातून गेले.

शेजारणीचा फोन आला तेव्हा मी वर्गावर होते. नसीम मॅडमनी स्कूटर काढली. बाग, एसटी स्टँड, दवाखाने सगळं पालथं घातलं. भालेराव सर पोलीस चौकीत जाऊन बसले. गळ्यात कार्ड आहे, कुणीतरी बघेलच, असं सगळे मला सांगत होते. पण फोन येईना. आला तो कर्ज हवंय का म्हणून! मी त्या पोरीवर इतकी ओरडले की रडूच आलं. ऊन उतरलं तशी मला इतकी भीती वाटायला लागली, की नसीम मॅडम काय बोलतायत ते ऐकूच येईना.

मग अनोळखी नंबर. देवळाली प्रवऱ्याचा रसवंतीवाला.

"ताई, पुतळ्यापाशी एक म्हातारबाबा बसल्यात. नाव सांगता येईना. गळ्यात काय न्हाई, खिशात काय न्हाई. हातात डबी हाय, तिच्या झाकणावर तुमचा नंबर हाय."

एवढ्या लांब कसे गेले, कुणी एसटीत बसवलं, आजवर कळलेलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा आप्पा चौथऱ्याच्या सावलीत रस पीत होते. दुसऱ्या हाताची मूठ घट्ट आवळलेली, निळी गोटी बोटांतून दिसत होती. मी डबी उघडली. आत कार्ड, दोरी नीट गुंडाळून ठेवलेली.

मी त्यांच्याशेजारी खाली बसले. आप्पांनी ग्लास बाजूला ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"लई येळ लावलास सूनबाई. क्लू अवघड हुता व्हय?"