दुसरं कडवं

आमच्या गाण्याच्या ग्रुपमधल्या नलूताईंनी वारलेल्या बहिणीवर गाणं लिहिलं, आम्ही काहीजणांनी चाल बांधली. त्यांच्याच घरी, पंखा बंद ठेवून, मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं. दुसऱ्या कडव्यात त्यांचा आवाज कापरा होऊन तुटला. पुन्हा घेऊ म्हटलं, तर म्हणाल्या, "राहू दे. तिथं तो असाच लागणार."

काल गाणं ग्रुपवर टाकलं. पहिलं कडवं संपण्याइतकाही वेळ गेला नव्हता, तोच अंगठे, फुलं आणि 'अप्रतिम' यांची रांग लागली. मी फोनकडे बघत चरफडत राहिलो. ऐकायला वेळ लागतो, कौतुकाला लागत नाही.

तेवढ्यात नलूताईंचा फोन आला. "दुसऱ्या कडव्याबद्दल कुणी काही म्हणालं?"

"सगळ्यांना खूप आवडलंय, ताई."

"ते नाही विचारलं मी," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.