पुढच्या दारचा कोबा

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे प्लास्टिकचे केस पिंजायचं. मी पोत्यावर बसलो होतो, ती पायरीवर, आणि मधे फायबरच्या पुड्या. पांढरे केस, बोटाच्या पेराएवढे. काँक्रीट कालवताना घालायचे, म्हणजे कोब्याला चिरा जात नाहीत. पुडी एकदम उपडी केली तर गुठळ्या होतात. म्हणून मिस्त्रीनं सकाळी सकाळी आम्हा म्हातारा-म्हातारीला केस मोकळे करून द्यायच्या कामाला बसवलं.

आमचं घर निरवांगीच्या काळ्या रानात. ही माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. आधीचा साधा कोबा वर्षभर टिकला नाही. उसाचा ट्रॅक्टर दारात वळला की एक चीर वाढायची. आता नातीचा साखरपुडा दारातच व्हायचा होता, तेव्हा पोरगा म्हणाला, या वेळी फायबर घालूनच करू.

"ह्यात नवं ते काय?" बायको म्हणाली. "आमी भिताडाच्या मातीत भुसकट घालायचो, ह्यांनी प्लास्टिक घातलं. भुसकट निदान म्हशीनं तरी खाल्लं असतं."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"तुमाला कळतंय म्हणून तर माझ्या शेजारी केस पिंजत बसलाय."

मिस्त्री हसला. इंदापूरकडचा मुसलमान माणूस, त्याचा बापही आमच्याकडंच कामाला यायचा. "आजी, आबांस्नी तुमीच कामाला लावू जाणं," तो म्हणाला.

दुपारच्या आत कोबा झाला. थापीनं घोटून गुळगुळीत केला, तरी मधून मधून केस वर राहिलेच. तिनं पायरीवर बसून कडेला बोट लावलं.

"मिस्त्री, ह्ये टोचतंय की."

"टोचंल थोडं, आजी. चालून चालून झिजतंय."

"मग ते माझ्याच गळ्यात आलं म्हण. बाकी समदी चपला घालून हिंडत्यात. मीच झिजवीन."

तिनं दारात कधी चपला घातल्या नाहीत. टाचा रानासारख्याच भेगाळलेल्या. मग भाकरी खाल्ली, मला ताक दिलं, ताक आंबट झालंय म्हणून माझंच डोकं खाल्लं, आणि जरा पडते म्हणाली. चहाच्या वेळेला हाक मारली तर ओ नाही. हलवली तर नाहीच.

आजारपण नाही, दवाखाना नाही. लोक म्हणाले, पुण्यवान. मेलेल्या माणसाला पुण्यवान म्हणायला लोकांचं काय जातं?

आमच्यात माणूस गेलं की पुढच्या दारानं बाहेर आणतात, अंगणात आंघोळ घालतात, तिथंच तिरडी बांधतात, तिथनंच उचलतात. माझा बाप तसा गेला, आई तशी गेली. दोघांच्या मागं ते अंगण शेणानं सारवलं ते हिनंच. आता तिची पाळी. एवढंच मागणं होतं माझं, की ती पुढच्या दारानं जावी.

पोरगा जवळ आला. "आबा, पुढं न्हाय न्यायचं. कोबा ओला हाय."

"मग?"

"मागनं काढू."

मागं म्हणजे गोठा, उकिरडा आणि संडासाची टाकी.

"तुझी आय उकिरड्यावरनं जाणार व्हय रं?"

"एवढ्या माणसांचं पाय उठलं तर समदा फोडायला लागंल. साखरपुडा तर फुडं गेलाच."

"फळ्या टाक."

"फळ्यांचं वळ उठत्यात."

"मग उद्या सकाळी न्या."

"मयत रातभर ठेवत्यात व्हय, आबा? मामा येत्याल आता लोणी भापकरहून. दिवस मावळायच्या आत आवराय पायजे."

दाराआडून सून म्हणाली, "आत्या असत्या तर त्यांनीच म्हटलं असतं, कोबा खराब करू नका."

मेलेल्याच्या तोंडात शब्द घालायला बरं असतं, ते थुंकत नाही.

मी मोठ्यानं बोलायला लागलो तसा चुलतभावानं माझा दंड धरला. "आबा, मयताच्या येळंला तमाशा नको." म्हणजे तमाशा मी करत होतो.

"उद्या मी मेलो तर मला कुठनं काढशील?" मी पोराला विचारलं.

"तवर वाळंल की."

तो चिडून बोलला असता तर बरं झालं असतं. नुसतं खरं ते सांगावं तसं बोलला.

मागनं काढली. गोठ्याच्या कडेला आंघोळ घातली. जिच्या धारा ती काढायची ती म्हैस दावं ताणून बघत होती. उचलताना पुढच्या माणसाचा पाय शेणात सरकला आणि तिरडी कलली. कुणीतरी म्हणालं, "सांभाळ, सांभाळ." वळसा घालून रस्त्याला आलो. कोब्याच्या कडेनं बाया लुगडी वर धरून रडत होत्या, नजर पायाखाली. आमचं कुत्रं मात्र सरळ कोब्यावरून चालत तिरडीमागं आलं. त्याचे पंजे उठले ते उठलेच. त्याला कोण काय म्हणणार?

सांजेला जाळून आलो. ती जिथं गेली त्या खोलीत तिच्या भावजयीनं जोंधळ्याचं पीठ पसरलं, शेजारी दिवा ठेवला, वर बांबूची पाटी पालथी घातली. आमच्यात तसं करतात. गेलेलं माणूस ज्या जन्माला गेलं त्याचं पाऊल पिठात उठतं म्हणतात.

सकाळी पाटी उचलली. सगळी वाकून बघायला लागली.

"कायच न्हाय उठलं," भावजय म्हणाली.

"नीट बघा की मामी," सून म्हणाली. "त्या कडंला बघा. पाखराचं वाटतंय."

मी म्हणालो, "काल तिचं पाऊल नको होतं तुमाला. आज पिठात कशाला हुडकताय?"

मी उठलो. मागच्या दारानं गोठ्यात गेलो. रात्रीचं शेण तसंच पडलं होतं, ते काढणारी नव्हती. चपला काढल्या आणि दोन्ही पाय घोट्यापर्यंत शेणात घातले. मग मागच्या दारानं आत आलो, फरशीवरून, पिठाला वळसा घालून, आणि पुढच्या दारानं बाहेर पडलो.

पोरगा पाईप घेऊन कोब्याला पाणी मारत होता.

"आबा! पाय! पाय बघा की!"

"वाळलाय की आता," मी म्हणालो.

एका रात्रीत वाळला होता. मी पायरी उतरलो आणि शेणाची पावलं उठवत सरळ रस्त्याकडं चालत गेलो, कुत्र्याच्या पंज्यांच्या शेजारनं. रस्त्याशी पोचेपर्यंत पायांचं शेण संपलं आणि टाचेला ते केस टोचायला लागले. मी वळलो आणि आणखी शेण घ्यायला गोठ्यात गेलो.