आईच्या टाचेवरचा काळा डाग

आईच्या टाचेवर काळा डाग उठला तेव्हा ती माझ्याकडेच, गुंजवण्याला राहत होती. भाताच्या खाचरात काटा मोडला असेल असं समजून मी तिच्या टाचेला रोज हळद-तेल लावायचे. डाग पसरत गेला.

मग धाकटी बहीण पुण्याहून आली. ती प्रयोगशाळेत कातडीच्या कर्करोगावर संशोधन करते. मोबाईलच्या उजेडात तिनं टाच पाहिली आणि उद्याच दवाखान्यात जायचं म्हणाली. निघाला तो कर्करोगच. त्यानंतर आई भेटेल त्याला सांगायची, धाकलीनं वळखलं. तेल कोण चोळत होतं, ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आईनं विचारलं, एवढासा डाग जगतो तरी कशावर? बहीण उशाशी बसून समजावू लागली. शरीरात स्टेम सेल नावाच्या पेशी असतात, अजून काहीच न बनलेल्या. गरज पडेल तशा त्या घडतात. हा कर्करोग त्यांना खुणा पाठवतो. प्रयोगशाळेतल्या बशीत त्या खुणा मिळाल्या की या पेशी एकमेकींना जोडून घेतात आणि रक्तवाहिन्यांसारख्या नळ्या तयार होतात. शरीरातही तसंच होत असेल, तर त्यातून कर्करोगाच्या गाठीलाच रक्त मिळायचं. ते अडवायचं कसं, हेच ती शोधत होती.

"म्हंजी आपल्याच पेशी फितूर व्हत्यात?" आईनं विचारलं.

"फितूर नाही गं. फसतात."

आईनं तिच्या गालावरून हात फिरवला. मी पायथ्याशी बसून आईचे पाय दाबत होते. बारावीला शास्त्रात मला तिच्यापेक्षा जास्त गुण होते. ती पुण्याला शिकायला गेली, माझं लग्न झालं. तेव्हा काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी मात्र तिचा हेवा वाटला.

ऑपरेशन नीट झालं. टाचेचा तुकडा काढून मांडीची कातडी तिथं लावली. रोग आणखी कुठं पसरला नव्हता. घरी आल्यावर बहीण रजा काढून राहिली. पहिल्यांदा पट्टी बदलायला ती बसली, तेव्हा आईनं पाय मागं घेतला.

"थोरलीला करू दे. तिचा हात हलका हाय."

बहिणीनं कापूस माझ्या हातात दिला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसली. पट्टी झाल्यावर मी तिला चहा नेऊन दिला. माझ्याकडे न बघताच तिनं विचारलं, "ताई, आई नेहमी असा तुझाच हात मागते का गं?"

तसं नव्हतं. तरी मी व्हय म्हणाले.