डोंगराखालचं शेवटचं घर

डोंगराच्या पायथ्याशी शेवटच्या घरात राहणाऱ्या मावशींना उन्हाळी सहलीवाले डोळ्यांसमोर नको असत. कुणी माथ्याची वाट विचारली, की त्या झाडू उगारूनच बाहेर येत. “डोंगर काय तुमच्या बापाचा आहे? चालते व्हा!”

एकदा डोंगर उतरून आलेल्या दोन पोरी त्यांना बघून फिदीफिदी हसल्या. “मावशी, वरचा दुर्बिणीवाला सगळ्यांना तुमचाच तमाशा दाखवतो!”

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. झाडूसकट धापा टाकत त्या आयुष्यात पहिल्यांदा माथ्यावर पोहोचल्या. दुर्बिणीपुढे ही रांग!

“म्हातारी आज बाहेरच येत नाहीये,” दुर्बिणीला डोळा लावलेला एकजण कुरकुरला.

“थांबा साहेब,” दुर्बिणीवाला म्हणाला, “झाडू घेऊन येईलच ती.”

“आलेय,” मागून मावशी म्हणाल्या.