रीडरला घातलेला हार

“मशीन चुकत नाही, साहेब. कार्ड लावलं तर नोंद होतेच.”

हे वाक्य मी फोनवर बोललो तेव्हा माझं अर्धं लक्ष समोरच्या टेबलावर होतं. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आमची चार माणसांची छोटी कंपनी आहे. आम्ही हजेरीचे कार्ड रीडर बनवतो. आतली चिप बाहेरून येते. तिने काय करायचं, कधी करायचं, हे सांगणारा प्रोग्राम मी लिहितो. त्या दिवशी दुसऱ्याच एका ऑर्डरची तपासणी चालू होती. फोन लांज्याजवळच्या एका काजू कारखान्याच्या मॅनेजरचा होता. एक बाई रोज वेळेवर येते म्हणते, पण महिन्यातल्या नऊ दिवसांची सकाळची नोंदच नाही, संध्याकाळची मात्र आहे. मशीनची चूक असू शकते का?

मी बघून सांगतो, असं म्हणता आलं असतं. पण मग लांज्याला जावं लागलं असतं.

मॅनेजरने फोन स्पीकरवर ठेवला होता आणि ती बाई तिथेच उभी होती, हे मला फार नंतर कळलं.

काय झालं होतं ते सांगायचं तर थोडं चिपबद्दल सांगायला हवं. हे कार्ड रीडरला टेकवावं लागत नाही, बोटभर अंतरावर धरलं तरी चालतं. कार्डात बॅटरी नसते. रीडरच्या अँटेनातून येणाऱ्या शक्तीवर ते क्षणभर जिवंत होतं आणि आपला नंबर सांगतं. लांज्यात वीज सारखी जाते, म्हणून तिथला रीडर आम्ही बॅटरीवर ठेवला होता. बॅटरी पुरावी म्हणून चिप बहुतेक वेळ झोपलेली असते. सेकंदातून तीन-चारदा ती डोळा किलकिला करून बघते, की अँटेनाजवळ काही बदललंय का? बदल पुरेसा असला तरच उठते. ‘पुरेसा’ म्हणजे किती, हा एक आकडा असतो आणि तो मी ठरवतो.

पहिल्या चाचणीत लोखंडी फाटक हललं तरी चिप उठत होती आणि बॅटरी उतरत होती. म्हणून मी प्रोग्राममध्ये एक सोय केली: फुकट उठावं लागलं की आकडा थोडा वाढव, म्हणजे पुढच्या वेळी इतकं मनावर घेऊ नको. आकडा परत खाली कधी आणायचा, ते लिहायचं राहिलं. राहिलं म्हणजे मी ठेवलं. तिथे ‘नंतर करू’ एवढी ओळ टाकली होती. ती ओळ मला अजून डोळ्यांसमोर दिसते.

त्या फोननंतर, दिवाळी झाल्यावर कारखान्यातून तक्रार आली, की बॅटरी फार लवकर उतरली. तेव्हा मात्र मी गेलो. लॅपटॉप जोडून आतली नोंद काढली तर आकडा चढत चढत शेवटच्या टोकाला जाऊन बसला होता. रीडर जवळजवळ बहिरा झाला होता. कार्ड अगदी चिकटवलं तरच उठत होता.

“इथे काही टांगलं होतं का हो?” मी वॉचमनना विचारलं.

“टांगला म्हणजे? हार घातलेला,” ते म्हणाले. “खंडेनवमीला सगळ्या मशीनी बंद करून पूजा केली. मग हिनंच काय पाप केलंय? हळदकुंकू लावला, झेंडूचा हार घातला, चांगली जरीची पट्टी असलेला. आणि चालू केली.”

“काढला कधी?”

“देवाचा हार लगेच कसा काढायचा? वाळला, मग दिवाळीच्या सफाईत काढला.”

मला हसू आलं. फाटकातल्या वाऱ्यावर ती जरीची पट्टी अँटेनासमोर दिवसभर हलत होती आणि चिप दिवसभर फुकट उठत होती. मग नऊ दिवस आठवले आणि हसू गेलं.

“ती एक बाई होती ना, नोंदीवरून काही झालं होतं…”

“ती गेली की सोडून. मुकादम सगळ्यांसमोर बोलला, मागच्या फाटकातून उशिरा घुसतेस म्हणून. माझ्याकडे बघितलान तिनं. मी काय सांगणार? सकाळी शंभर बायका, कोण कोण आली कसा आठवणार?”

काजू सोलणाऱ्या बायकांचे हात चिकाने काळे होतात. ही बाई, हे पुढे तिच्याकडूनच कळलं, कार्डाला डाग लागू नये म्हणून ते कापडी बटव्यात ठेवायची आणि बटवा लांबूनच दाखवायची. बाकीच्या कार्ड दाबून लावायच्या, त्यांचं निभावलं. सकाळच्या गर्दीत रीडरची, कार्ड वाचल्याची टिक टिक चालू असायची; त्यातली एक आपली, असं तिला वाटायचं. संध्याकाळी गर्दी नसायची. टिक आली नाही की ती पुन्हा लावायची. तिची काहीच चूक नव्हती. सगळ्या बायकांत कार्डाची काळजी घेणारी ती, तेवढाच तिचा गुन्हा.

मी तिथेच उभ्या उभ्या आकडा खाली आणला, संध्याकाळी बसून प्रोग्राम दुरुस्त केला आणि बदलाच्या नोंदीत लिहिलं: ‘किरकोळ सुधारणा’. कोणालाही काही सांगितलं नाही.

त्यानंतर मला एका जागी बसवेना. बँकेत गेलो की दारावरच्या रीडरला हात लावून बघायचो. जेवताना उठायचो. बायको म्हणाली, “अहो, बसा की जरा. फरशी झिजेल. झालंय काय?” मी म्हटलं, कामाचं टेन्शन. हेही खोटंच.

शिमग्याच्या आधी मॅनेजरचा पुन्हा फोन आला. दुसऱ्या शेडसाठी आणखी एक रीडर हवा होता. “तुमचं मशीन एकदम चोख,” ते म्हणाले. “त्या बाईच्या वेळीच कळलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी लांज्याला गेलो आणि त्यांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ पेन टेबलावर आपटत राहिले. “आता जाऊ द्या हो,” शेवटी म्हणाले. “ती विसरलीही असेल.”

वॉचमननी वाट सांगितली. तिचं घर दोन मैलांवर, सड्याच्या, म्हणजे कातळाच्या माळाच्या, उतारावर होतं. ती पडवीत बसून आमसुलं निवडत होती. मी कोण ते सांगायच्या आधी तिने पाणी आणि गुळाचा खडा पुढे ठेवला. मी बोलायला लागलो आणि दुसऱ्याच वाक्याला तिने वर बघितलं.

“फोनवर तुम्हीच होतात.”

“हो.”

“मशीन चुकत नाही म्हणालेले.”

“हो. ती चूक माझी होती.” हार, आकडा, न लिहिलेली ओळ, सगळं मी सांगितलं. त्यातलं तिला किती कळलं ठाऊक नाही. दिवाळीपासून मला माहीत होतं, हे मात्र नीट कळलं.

“दिवाळीपासनं,” ती म्हणाली. “आणि आता शिमगा आला.”

मी मान खाली घातली. माफी मागितली. ती पुन्हा आमसुलं निवडू लागली.

“इथं माझ्या पडवीत काय सांगताय? इथं कोण मला खोटी म्हणत नाही. ज्या फाटकात बोलले, तिथं सांगा. सगळ्या असतील तेव्हा.”

त्या रात्री मी लांज्यातच राहिलो. सकाळी आठला थोडा वेळ होता, बायका फाटकात जमत होत्या. मॅनेजर येऊन बाजूला उभे राहिले. त्यांनी अडवलं नाही, एवढं खरं. ती बाई रोज वेळेवर येत होती, रीडरने तिचं कार्ड वाचलं नाही, कारण प्रोग्राम मी अर्धवट लिहिला होता, आणि विचारल्यावर न तपासता मी खोटं सांगितलं, असं मी बोललो.

“मग आता मशीनला कोण काढणार कामावरनं?” मागून एकीने विचारलं आणि सगळ्या हसल्या. मुकादम हसला नाही.

ती बाई रस्त्यापलीकडे उभी होती. हसू ओसरल्यावर ती सरळ चालत आली, कमरेचा बटवा काढला आणि पूर्वीसारखाच बोटभर लांबून रीडरसमोर धरला. टिक आली. दिवा मात्र लाल लागला; तिचा नंबर यादीतून काढलेला होता.

“नाव आजच परत घालतो,” मॅनेजर घाईने म्हणाले. “उद्यापासून या.”

“बघते,” ती म्हणाली. बटवा कमरेला खोचून ती स्टॉपकडे चालू लागली.

नाव त्याच दुपारी परत घातलं गेलं. मी स्वतः तपासलं. तेव्हापासून रोज आठला मी मिरजोळ्यात बसून लांज्याहून नेटवर येणारी हजेरीची नोंद उघडतो आणि नंबर खाली सरकताना बघतो. तिचा नंबर मला पाठ आहे. अजून आलेला नाही.