कांडीवरचा डाग

स्वयंपाकघराच्या खिडकीत सकाळचं ऊन आलं, की तिथे ठेवलेल्या पांढऱ्या चुंबकी कांडीवरचा करडा डाग चमकतो. प्रयोगशाळेत फ्लास्कमधलं द्रावण ढवळायला मी हीच कांडी वापरायचे. आधी कुणीतरी केलेल्या प्रयोगातला पॅलॅडियम धातू तिला चिकटून बसलाय. कितीही घासा, जात नाही.

धातूचा एवढासा कण दोन हट्टी रेणू जोडून देतो, आणि तयार झालेल्या पदार्थाच्या नावात मात्र तो कुठेच नसतो. निकेलने घडणारी नवी अभिक्रिया मी शोधली, तेव्हा माझ्या मार्गदर्शक सरांनी माझंही नाव असंच गाळलं आणि शोधनिबंधावर आपल्या लाडक्या विद्यार्थ्याचं घातलं. मी तिथून निघाले ती आठवण म्हणून ही कांडी पर्समध्ये टाकून.

निकेल नुसतं नावाला होतं, काम हा डाग करत होता, हे मला फार उशिरा कळलं. सरांना अजून कळलेलं नाही. कळूही नये.

काल त्यांचा फोन आला. "अगं, इथे कुणालाच ती अभिक्रिया जमत नाहीये. जगभरातून विचारणा होतायत. तू नेमकं काय करायचीस?"

कांडी तळहातावर घेऊन मी शांतपणे म्हणाले, "सर, निबंधावर ज्याचं नाव आहे, त्यालाच विचारा ना."