गेरूच्या खुणेची कुत्री

माझी आजी निजामाच्या जमादाराशी तोंडावर खोटं बोलली.

"ही समदी कुत्री माझीच हायेत."

समदी म्हणजे धारूरच्या गल्लीगल्लीतली. बिनमालकाची, लंगडी, खरूज झालेली, सगळी.

आज तिची तिथी. ठकूबाई तिचं नाव, जातीची धनगरीण.
आता याला डॉग रेस्क्यू म्हणतात. फोटो टाकतात, लाईक घेतात. आमच्या घरात याला 'म्हातारीचं खूळ' म्हणायचे.

झालं असं की, गावात एक कुत्रं पिसाळलं, माणसांना चावलं. लगेच कचेरीतून दवंडी. ज्याच्या गळ्यात पट्टा नाही ते कुत्रं उद्या काठीनं मारणार.

आजी तेव्हा बाळंतपणाला माहेरी आलेली. दिवस भरलेले. आजा, बिरूबा त्याचं नाव, मेंढरं घेऊन गावाबाहेर उतरलेला.

तो म्हणाला, "मेंढरं राखायला कुत्रं लागतंय, अन् कुत्र्याला राखायला कुणीच न्हाई व्हय?"

दोघं लोकरीच्या दोऱ्या वळत बसले. मग दुपारभर गावात फिरून दिसेल त्या कुत्र्याच्या गळ्यात बांधल्या. आजी भाकरी दाखवून जवळ बोलवायची, आजा गाठ मारायचा.

आता घोटाळा बघा.
मेंढरू हाताखालून गेलं की पाठीवर गेरूची खूण ओढायची, ही आज्याची जन्माची सवय. त्यानं प्रत्येक कुत्र्याच्या पाठीवर आपली तीच खूण ओढली!

आजीच्या ध्यानात आलं तोवर सगळं गाव रंगवून झालेलं.

जमादार आला. त्यानं कुत्र्यांकडं बघितलं, मग आज्याच्या मेंढरांकडं बघितलं.
"ये इत्ते सारे कुत्ते किसके?"

आज्याच्या आधी आजीच पुढं झाली अन् ते वरचं खोटं बोलली.

"तो फिर लेके जाव. दिन डूबने के बाद एक भी दिखा तो मारूंगा."

आजा म्हणाला, "तू ऱ्हा, मी नेतो." पण कुत्री त्याच्यामागं जाईनात. भाकरी देणारा हात आजीचा होता ना.

तिची माय दारात आडवी झाली. "कुत्र्यापायी लेकरू रानात जन्माला घालतीस का गं? अक्कल गहाण ठेवली का?"

"मग त्यायला कोण नेईल?"

निघालीच. भाकरीची टोपली काखेत, पोट सांभाळत आज्यासंगं घाट चढली. मागं लाल पाठीची ही लांबलचक वरात.

निम्म्या वाटेत एक तुटक्या कानाची कुत्री थबकली अन् गावाकडं वळली. आजी तिच्यामागं निघाली, तर आज्यानं हात धरला. "आता माघारी गेलीस तर लेकरू जाईल. चल."

ती चालली.
दुसऱ्या दिवशी कळलं, त्या कुत्रीला मारलं.

माझा बाप वर माळावरच झाला, घोंगडीच्या आडोशाला. बाकीची सगळी कुत्री जगली, कळपाबरोबर हिंडली. बापाला याचा लई अभिमान.

आजीला मात्र कुणी शाबासकी दिली की ती चिडायची.
"गप रे. एक राहिली न्हवं माघारी."

शेवटी शेवटी तिनं आम्हाला कुणालाच ओळखलं नाही. बापालाही नाही. नुसती उशाशी भाकरीचा तुकडा चाचपायची अन् दाराकडं बघून हाक मारायची.
"यू यू यू... चल माय, चल."

लोक म्हणायचे भ्रम झालाय. मला तर ते ऐकवायचं नाही, मी उठून बाहेर जायचो.

आजी, आता पोटात लेकरू नाही. जमादार नाही. हात धरणारा आजाही तिकडं तुझ्याच बाजूनं असणार.

खुशाल माघारी वळ. घेऊन ये तिला.

तुला अन् आज्याला नातवाचा रामराम.